अंडीवाल्याच्या गाळ्याचं माप

शंभर वर्षं जुन्या मंडईत ती नगरपालिकेच्या कचेरीतून पहिल्यांदा आली ती काही घ्यायला नव्हे, मोजायला. छप्पर दुरुस्त व्हायचं होतं, सोमवारपासून मंडई वर्षभर बंद. नंतर तिच्या नकाशात ज्याचं जेवढं माप, तेवढीच त्याला जागा मिळणार होती. नेमका तिचा सहकारी तापाने आडवा झाला. टेपचं दुसरं टोक धरायला कोणी नाही.

"द्या इकडे." अंडीवाल्याने हातातलं अंडं दिव्यासमोर फिरवून पाहिलं, अलगद खाली ठेवलं आणि हात पुसले.

"नीट धराल ना?"

"या हातातून आजवर एक अंडं फुटलेलं नाही."

दुपारपर्यंत चाळीस गाळे झाले. ती आकडे लिहीत होती आणि तो... तिच्याकडे बघत होता. तिने वर पाहिलं की खांबाकडे.

घरी बेरीज भिंतीच्या लांबीशी जुळेना. बाकीचे गाळे सारखे भरत होते, चूक त्याच्याच गाळ्यात. ती परत आली, पुन्हा मोजलं. तरी जुळेना. तिसऱ्यांदा आली तेव्हा समोरची लोणीवाली, त्याची सख्खी आत्या, म्हणाली, "अगं, गाळा आहे की दुधी? रोज वेगळा भरतोय!"

या वेळी तिने त्याच्या अंगठ्यावर नजर ठेवली. टोक भिंतीच्या वीतभर अलीकडे!

"हे काय?"

"चुकून..."

"तिन्ही वेळा? उद्या नकाशा द्यायचाय मला. तुमचीच जागा गेली असती!"

त्याचे कान लाल झाले. "माहीत होतं. पण माप जुळलं असतं, तर तुम्ही परत कशाला आला असता?"

ती खरंच चिडली होती. तिने टोक आत्याकडे दिलं, माप घेतलं, लिहिलं.

"सरळ विचारता येत नव्हतं?"

"तुम्ही नाही म्हणाला असता तर — हे चार दिवसही गेले असते."

"अरे बावळटा, आता तरी विचार," आत्या म्हणाली. "गिऱ्हाईक खोळंबलंय माझं."

"मंडई बंद झाल्यावर... कुठे भेटाल?"

"उद्या चारला कचेरीच्या दाराशी ये. आणि पुन्हा असं काही केलंस तर आत्यांना सांगेन."

दुसऱ्या दिवशी तो तीनलाच येऊन उभा राहिला. तिने वरच्या खिडकीतून पाहिलं, आणि नकाशा साडेतीनलाच साहेबांच्या टेबलावर ठेवून जिना उतरली.