अर्धी राहिलेली कटिंग

तो दुकानाच्या दारात आला आणि खुर्चीमागे तिला बघून थबकला.

"काका नाहीत?"

"काकांची कंबर धरलीय. मी पुतणी. चालेल, की कंबर सुटेपर्यंत केस वाढवणार?"

तो हसला आणि निमूट खुर्चीत बसला. तिने गळ्याभोवती कापड बांधलं. मानेवर बारीक माती होती, आणि कानामागे… एक तीळ. तिने दोन्हींकडे दुर्लक्ष केलं. म्हणजे, तसा प्रयत्न केला.

"काय काम करता?"

"जमिनीत राहिलेले बॉम्ब निकामी करतो. महायुद्धातले."

"थापा मारू नका, हातात कात्री आहे माझ्या. ते युद्ध माझ्या आजोबांच्या लहानपणी संपलं."

"कागदावर संपलं. जमिनीला कुणी कळवलंच नाही."

ती हसली. आरशात नजरानजर झाली आणि कात्री क्षणभर हवेतच राहिली. डावी बाजू झकास झाली होती. उजवीला हात घालणार, तोच त्याचा फोन वाजला. ऐकता ऐकता त्याचा चेहरा बदलला.

"मागच्या गल्लीत पाया खणताना एक सापडलाय. मोठा आहे. काकांना घेऊन शाळेत जा. आत्ताच."

"आणि हे डोकं?"

"राहू दे. बॉम्बला कुठे पसंत पडायचंय?"

कापड खुर्चीवर टाकून तो गेलासुद्धा.

शाळेच्या हॉलमध्ये अख्खी गल्ली येऊन बसली होती. बाकावर आडवे पडलेले काका कण्हत म्हणाले, "पोरी, कसली एवढी घालमेल? दुकान कुठे जात नाही."

"दुकानाची नाही हो काका."

काकांनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "असल्या माणसात जीव गुंतवू नये गं. जन्मभर टांगणीला लागतो."

तिला पटलं. अगदी पटलं. आणि नेमका तेव्हाच मोठा धमाका झाला.

खिडक्या थरथरल्या, कुणाचं तरी मूल रडायला लागलं. आपण कधी उठलो, दारापर्यंत कधी पोचलो, तिचं तिलाच कळलं नाही. दारातल्या पोलिसाला विचारणार तरी कसं? नावही ठाऊक नव्हतं.

"अहो, तो… अर्धं डोकं भादरलेला माणूस… तो ठीक आहे ना?"

"निकामी होईना म्हणून त्यांनीच उडवला, बाई. सगळे सुखरूप आहेत. पण त्याचं डोकं तसं केलं कुणी?"

"मी," ती म्हणाली, आणि तिथेच पायरीवर बसून रडली.

संध्याकाळी तो आला, धुळीने माखलेला. सरळ खुर्चीत बसला. तिने उजवी बाजू हातात घेतली, पण कात्री नीट चालेना.

"आज हात थरथरतोय माझा."

"माझाही थरथरतो. काम झाल्यावर." त्याने कापडाखालून हात काढून दाखवला. खरंच थरथरत होता.

"अजून किती आहेत असे?"

"पुष्कळ. तुमची-माझी नातवंडं म्हातारी होतील, तरी संपायचे नाहीत."

कात्री थांबली.

"थेट नातवंडं? अजून चहासुद्धा विचारला नाहीत."

त्याचे कान लाल झाले. "ते… तोंडातून निसटलं. पण खोटं नाही." मग तो म्हणाला, "नाही म्हणालात तरी समजेन मी. फोन आला की मला जावंच लागणार."

तिने त्याच्या खांद्यावरचे केस झटकले. काकांचं काही चुकलं नव्हतं. हा जाणार, आणि ती कुठल्या तरी दाराशी कान देऊन उभी राहणार. एकदा नाही, जन्मभर. दुपारचा तो धमाका अजून तिच्या छातीत होता.

"मला भीती वाटणार," ती म्हणाली. "ती लपव म्हणून सांगायचं नाही."

"नाही सांगणार."

"आणि 'काही होत नाही' असंही म्हणायचं नाही."

"नाही म्हणणार."

तिने कात्री खाली ठेवली, त्याचा थरथरता हात दोन्ही हातांत धरला आणि आरसा सोडून सरळ त्याच्याकडे पाहिलं.

"मग घाबरेन मी… तुझ्यासाठी."