जुनं सामान

चौसाळ्यात हायवेला लागून इलियासचं गॅरेज आहे. त्याचा एक नेम साऱ्या रस्त्याला ठाऊक. गाडीतून काढलेलं जुनं सामान आधी मालकाच्या हातात द्यायचं, मगच चावी. मग ते साधं वायसर का असेना. बदललं म्हणून नुसतं सांगणारे लई असतात, असं त्याचे वडील म्हणायचे, आणि त्यांनी लावलेली ही शिस्त इलियासने आजवर मोडली नव्हती.

मोहनरावांच्या शेडातली लाल जपानी गाडी ट्रॅक्टरला बांधून आणली ती त्यांच्या मुलीने, स्वप्नालीने. गाडी तिच्या भावाची, आदिनाथची. ती बंद पडली आणि पुढे थोड्याच दिवसांत पोरगा काविळीने गेला. तेव्हापासून त्याची आई छबुबाई माजघराबाहेर आली नव्हती. ताट आत, अंथरूण आत. पूर्वी ही गाडी फाट्यावर वळली की नुसत्या आवाजावर बाई उंबऱ्यात येऊन उभी राहायची.

"तो आवाज आला तर आई उठंल, चाचा," स्वप्नाली म्हणाली. "मला दुसरं काई नको."

असल्या पोरीला नाही कोण म्हणणार?

इंजिन रोटरी निघालं. पिस्टन नाहीच, एक तिकोनी लोखंडी गोळा पोटात गरगर फिरतो, आणि त्याच्या प्रत्येक टोकाला बोटभर लांबीची सीलपट्टी असते. पट्टी झिजली की दाब पळून जातो, गाडी मुकी. असे दोन गोळे, सहा पट्ट्या, आणि सगळ्या झिजून पार चपट्या झालेल्या. इलियासने त्या धुतल्या, सामान कुणाचं ते चुकू नये म्हणून प्रत्येकीवर सुईने 'आ' कोरला आणि डालड्याच्या डब्यात ठेवल्या.

मग सुरू झाली नव्या पट्ट्यांसाठी वणवण. मुंबईचा व्यापारी म्हणाला, जपानात मागणी साठली की एकदमच घाणा काढतात, तोवर वाट पाहा. भाडं आणि कस्टम धरून किंमत अशी, की तेवढ्यात जुनी मारुती दारात उभी राहिली असती. स्वप्नालीने बांगड्या मोडून आगाऊ रक्कम भरली. तोवर बीडच्या जाकीर लेथवाल्याने ओतीव बिडाच्या पट्ट्या कातून पाहिल्या. हाताने फिरवतानाच काडकन मोडल्या. इलियासला रात्रंदिवस ती पोरगीच डोळ्यांपुढे दिसे, आणि आपल्याच हातांचा राग येई.

एका सकाळी त्याने डबा उघडला. बाहेर हिवाळा, लोखंडी पाने हातात धरवत नव्हते, आणि डबा कोमट होता. शेगडी म्हणावी, तर ती त्याची बायको अजमतबी मागच्या खोलीत पेटवते, ती इथून कितीक लांब! त्याने एक पट्टी व्हर्निअरने मापली. झीज कमी भरली. व्हर्निअर बिघडलं म्हणून त्याने ते बाजूला टाकलं.

पुढच्या आठवड्यात जाकीरचं व्हर्निअर आणलं. झीज आणखी कमी. 'आ'सुद्धा पुसट झालेला. शेवटी पट्ट्या फडक्यात बांधून तो सरळ बीडला गेला.

"नव्याच आनल्या की बे," जाकीर म्हणाला. "मग मिळत न्हाईत म्हनून कावून बोंबलतो?"

पट्ट्यांवर अक्षर उरलं नव्हतं.

अजमतबीला सांगितलं तेव्हा तिने डबा हातात घेऊन पाहिला. मग म्हणाली, कुणाची तरी आई वाट बघतेय, बसव गुमान. त्याने बसवल्या. तिसऱ्या चावीला इंजिन असं गुणगुणायला लागलं की इलियासच्या डोळ्यांत पाणीच आलं.

गाडी त्यानेच मोहनरावांच्या दारी नेली. फाट्यावर वळतो न वळतो तोच उंबऱ्यात छबुबाई दिसली. अंगाने निम्मी झालेली, पण उभी. तिने इलियासकडे पाहिलं, मग त्याच्या शेजारच्या रिकाम्या जागेकडे जरा जास्त वेळ. पदर डोक्यावर घेतला आणि चहा टाकायला स्वयंपाकघरात गेली. स्वप्नाली ओसरीवर बसून हसतही होती, रडतही होती.

चहा देताना छबुबाईने विचारलं, "जुनं सामान?"

इलियासची मान खाली गेली. द्यायला होतं काय? आणून देतो म्हणाला, आणि वडिलांच्या नेमाला पहिल्यांदाच बट्टा लागला म्हणून चरफडत चालत घरी आला.

जपानचं पार्सल उन्हाळ्यात आलं. पाकिटावर कंपनीचा शिक्का, चिकटपट्टी जशीच्या तशी. त्याने अजमतबीच्या देखतच ते फोडलं.

आत सहा पट्ट्या होत्या.

झिजून चपट्या. प्रत्येकीवर त्याच्या हातचा 'आ'.

अजमतबीने पदर तोंडाला लावला. इलियास उठला. सामान मालकाचं होतं, मालकाला पोचायलाच हवं होतं.

छबुबाई अंगणात कुरडया घालत होती. आता ती रोज बाहेर असते. संध्याकाळी स्वप्नाली गाडीतून तिला धर्मापुरीला, कुठं कुठं फिरवून आणते. इलियासने पुडी पुढे केली.

तिने हात पुसले, पट्ट्या तळहातावर घेतल्या आणि मूठ मिटली.

"गरम हायत अजून," ती म्हणाली.