सातव्या टेकाडाची सावली

तुमचा विश्वास बसणार नाही, पैज लावतो. माझ्या घरच्यांचाच बसत नाही. पण हे खरं आहे. भर उन्हात घडलंय, आणि मी पूर्ण शुद्धीत होतो.

मी तेव्हा पुरातत्त्व खात्यात पहारेकरी होतो. माझ्या ताब्यात अकरा टेकाडं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या लोकांनी आपली माणसं पुरून त्यांवर रचलेली. गोल, कमरेएवढी, प्रत्येकावर नंबराची पाटी. फाटकावर मोठा फलक, 'संरक्षित'. आणि संरक्षण करणारा कोण, तर मी!

एका दुपारी माझा डोळा लागला. उठून बघतो तर सातवं टेकाड गायब. कुणीतरी मशीन लावून माती उचलून नेली होती.

दुसऱ्या दिवशी साहेबबाई तपासणीला येणार होत्या. नोकरी गेल्यातच जमा. मग काय, आजूबाजूची माती ओढली, ढीग रचला, थापला, वर गवत खोचलं आणि पाटी रोवून मोकळा झालो.

बाईंनी लांबूनच पाट्या मोजल्या.

"अकरा. छान जपलंय हो काका."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण वाचलो.

बाई गेल्या... आणि माझं लक्ष गेलं.

ऊन कललं होतं. दहा टेकाडांच्या सावल्या लांब पडल्या होत्या.

सातव्याची नव्हती.

वारा थांबला. पाखरं गप्प.

मग पावलं... अनवाणी. दिसत कुणीच नव्हतं. पहिल्या टेकाडापाशी थांबली. मग दुसऱ्या. मग तिसऱ्या...

सातव्यापाशी थबकली.

ढिगावरची माती सरकली. पुन्हा सरकली. अंधारात कुणी दार चाचपावं तशी.

आणि रडणं... म्हाताऱ्या बाईचं. दबकं. घर न सापडलेल्या माणसाचं.

"माझी चूक नाही हो!" मी ओरडलो. "मला झोप लागली होती!"

पावलं माझ्याकडे वळली...

काल नातवंडांना सांगताना गोष्ट इथवर आणली होती. पोरं फरशीवर श्वास रोखून बसलेली. दाराशी वहिनी भाजी निवडत होत्या.

"भावजी," त्या म्हणाल्या, "तुम्ही झोपला नव्हतात."

"वहिनी, गोष्ट रंगात आलीय..."

"ट्रॅक्टरवर पुढे तुम्हीच बसून आलात. याच खोलीच्या भरावाला माती कमी पडत होती. त्या मातीतून काय काय निघालं, ते मी या हातांनी वेचलंय."

एकेक करून पोरं फरशीवरून उठली.

माझ्याकडे कुणी पाहिलं नाही.