दीड फेरा

त्याची मोटारसायकल तिच्या गॅरेजसमोरच बंद पडली, हा निव्वळ योगायोग. पण पुढच्या सहा महिन्यांत ती गाडी आणखी पाच वेळा आली. त्यालाही योगायोग म्हणणं म्हणजे स्वतःच्याच डोळ्यांत धूळ फेकणं, हे तिला कळत होतं. गाऱ्हाणं दर वेळी एकच – "गाडीला पिकअप नाही."

तो हवामान खात्यात. आज आला तो बदलीची बातमी घेऊन. डोंगरमाथ्यावरचं केंद्र, सोमवारपासून.

"वर हवा विरळ," ती कार्बोरेटरकडे बघतच म्हणाली. "इथं जुळवलेलं पेट्रोल तिथं जास्त होईल. गाडी चढावर धापा टाकेल. तिथं पुन्हा लावून घ्या."

"मला शिकवाल?"

हा स्वतः शिकला, तर परत कशाला येईल? पण कामात लबाडी तिला कधी जमली नव्हती. तिनं स्क्रूड्रायव्हर त्याच्या हाती दिला.

"इंजिन गरम आहे, ते बरंय. थंड असताना हा हवेचा स्क्रू लावला तर फसाल. आता हलक्या हातानं पूर्ण बंद करा... मग दीड फेरा उलटा. मारा किक. पुढचं कानानं."

त्यानं भसकन स्क्रू फिरवला. इंजिन गुदमरलं.

"घाई कशाला? गाडी काय पळून जातेय?"

"गाडी नाही... मी जातोय."

तिसऱ्या प्रयत्नाला आवाज एकसारखा लागला. त्यानं मूठ पिळली, आणि इंजिननं न अडखळता झेप घेतली.

"जमलं की," ती म्हणाली. तिला रडूच यायचं बाकी होतं.

"म्हणजे आता गाडीसाठी तुमची गरज नाही." तो थांबला. "म्हणून तर विचारता येतंय... नाहीतर तुम्हाला वाटलं असतं, याला फुकटचा मेकॅनिक हवाय. माझ्याशी लग्न कराल?"

तिनं चिंधीला हात पुसले.

"वर गॅरेज आहे?"

"एकही नाही. ऑर्डर आली त्याच दिवशी चौकशी केली."

"मग येते. पण तिथं गॅरेज टाकणार, आणि ते माझं असेल."

"कबूल!"

"आणि बाबांना तुम्हीच विचारायचं. आत्ता. आत बसलेत."

तो तसाच काळ्या हातांनी आत गेला. ती गाडीपाशी उभी... आणि आतून बाबांचा खणखणीत आवाज आला,

"अहो, एवढं बोलायला सहा महिने?"