सहा थर

फ्रॉकच्या अस्तराचा दोरा मूळचा पिवळा असावा. आता तो फक्त गाठीच्या आत पिवळा उरला होता. न्यायवैद्यक प्रयोगशाळेतल्या वैजयंती घैसास यांनी भिंगाखाली ती गाठ सोडवून तशी नोंद केली होती.

समोर बसलेल्या रेवानं सत्तावीस वर्षांपूर्वी, आठ वर्षांची असताना, हा फ्रॉक बुद्धिबळाच्या शिकवणीला घातला होता. नव्या कायद्यानं मुलांवरील अत्याचाराच्या तक्रारीला मुदत ठेवली नव्हती, म्हणून तिनं आता शिकवणीच्या सरांविरुद्ध तक्रार केली होती. फ्रॉक जपला होता तिच्या आईनं. कुमुदताई शेजारीच पर्स मांडीवर धरून बसल्या होत्या.

"गाठीत सरांच्या त्वचेच्या पेशी आहेत," वैजयंती म्हणाल्या. "पण शिकवताना हात लागला असेल, असं त्यांचा वकील म्हणेल."

"म्हणेलच. रविवारी सत्कार आहे सरांचा. आईलाही निमंत्रण आहे, नाही गं?"

कुमुदताईंनी पर्सची साखळी उघडून पुन्हा लावली.

"अजून शिकवतात?" वैजयंतींनी विचारलं.

"रोज. बावीस मुलं येतात."

वैजयंतींनी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. थरवाचनाचं हे तंत्र त्यांनीच घडवलं होतं. "प्रत्येक धुण्यात पाण्यातले क्षार धाग्यावर एक थर सोडतात. दोन थरांमध्ये उन्हाची, धुळीची खूण असते. पेशींच्या लगेच वरचे हे सहा थर बघा. मध्ये काहीच नाही. फ्रॉक न वाळवता सहा वेळा धुतलाय."

"आंब्याचा डाग होता," रेवा घाईनं म्हणाली. "हो ना आई? तेवढंच लिहा, मॅडम."

"त्या वेळी तुम्ही कुणाला सांगितलं होतं का? असा साक्षीदार नसेल, तर खटला टिकणं कठीण आहे."

"कुणालाच नाही."

वैजयंतींनी पेनला टोपण लावलं. "गुन्हा कळूनही लपवणाऱ्यावर आता कितीही वर्षांनी खटला होऊ शकतो, हे तुम्हाला ठाऊक आहे?"

"ठाऊक आहे. म्हणूनच सांगतेय, कुणालाच नाही."

कुमुदताईंनी पर्स खाली ठेवली. सत्तावीस वर्षांत दर दिवाळीच्या साफसफाईला त्यांनी तो फ्रॉक टाकायला काढला होता आणि दर वेळी पुन्हा घडी घालून ठेवला होता. पडद्यावरच्या सहा रेघांवरून त्यांनी बोट फिरवलं.

"आई, नको."

"डाग नव्हता," त्या म्हणाल्या. "हिनं त्याच दुपारी मला सांगितलं होतं. मी म्हटलं, कुठे बोलू नकोस, आणि फ्रॉक भिजत घातला. लिहून घ्या, मॅडम. कोर्टातही मी हेच सांगणार आहे."