छपराच्या शेंड्यावरची काठी

दिव्याची वात जरा वाढवा, मग सांगतो. त्या दिवशी मी गावी निघालो होतो तो आईला एकच गोष्ट सांगायला: तुझा धाकटा, ओलुओच, दोन वर्षांपूर्वीच गेला.

नैरोबीला त्याला मीच बोलावलं. बांधकामावर लावलंही मीच. पाचव्या मजल्याच्या परांचीवरून तो खाली आला. आमच्यात माणूस कुठंही मरो, पुरायचा तो घरच्या अंगणात. पण आईसमोर उभं राहायची माझी छाती झाली नाही. शहरातल्याच दफनभूमीत त्याला गुपचूप पुरलं, आणि दर रविवारी त्याचा आवाज काढून आईला फोन करत राहिलो. असा मी थोरला!

भर दुपारी कुंपणाच्या फाटकाशी पोचलो. समोर बाबांची जुनी झोपडी होती. घरधनी जिवंत असेतो छपराच्या शेंड्यावर काठी उभी असते. बाबा गेले तेव्हा चुलत्यांनी ती उपटली होती. पण अंगणात दोन नव्या झोपड्याही दिसल्या. ओल्या मातीचा वास येत होता.

आई दारात सुकी मासळी निवडत बसली होती.

"आलास ओबुरा? शहरानं सोडलं म्हणायचं!"

"आई, ह्या झोपड्या कुणाच्या?"

"एक तुझी, एक ओलुओचची. थोरल्याचं घर झाल्याशिवाय धाकट्याला बांधता येत नाही. तू वीस वर्षं आज-उद्या करत बसलास. मग त्यानंच आधी तुझं बांधलं. एका दिवसात दोन्ही."

एका दिवसात घर उभारतात ते स्वतःचं घर न बांधताच मेलेल्यासाठी.

"आई... तो फोन..."

"तू करायचास. पोराचा आवाज आईला कळत नाही होय रे?" तिनं मान वर केली नाही. "कधी सांगतोस, वाट बघत होते."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "आई, चुकलो मी..."

"मला नको सांगू. आत बसलाय तो... त्याला सांग."

पाय ओढत त्याच्या दाराशी गेलो. आत कुणीतरी खोकलं. मी वर पाहिलं. त्याच्या छपरावर नुकतीच सोललेली काठी ताठ उभी होती.

मग मागं वळून माझ्या झोपडीकडे पाहिलं. तिच्या शेंड्यावर काठी नव्हती. भोक तेवढं होतं, आणि त्याभोवतीचं गवत काठी उपटून काढल्यासारखं विस्कटलेलं होतं.