सातवी ओळ

सीपीयू मी त्याच्या काउंटरवर ठेवला नाही, आदळला.

"आवो बेन, बेसो... शुं थयुं?" तो हसतच म्हणाला.

"मराठीत बोल. पाटीवर सुमित देवरे लिहिलंय. आणि बेन म्हणू नकोस. एक भाऊ आहे मला, तोच झेपत नाहीये!"

त्याचं हसू जिथल्या तिथे थांबलं. पर्वत पाटिया भागातल्या त्या चिंचोळ्या दुकानात भिंतीवर एक पंखा कुरकुरत होता. कोसाडच्या घरापासून रिक्षात तो डबा मांडीवर घेऊन आल्यामुळे मी घामाने निथळत होते. त्याने पंख्याचं तोंड माझ्याकडे वळवलं. मला त्याचाही राग आला.

"पंधरा दिवसांपूर्वी हा इथे सर्व्हिसला आला होता. हा बघ, तुझाच स्टिकर. त्या दिवसापासून माझ्या कॉलेजची साइट उघडत नाही. मला वाटलं त्यांचंच काही बंद पडलंय. आज सकाळी माझ्या मैत्रिणीने, नेहाने, तिच्या मोबाइलवर उघडली. खटकन उघडली! अमदावादला, टेक्स्टाइल डिझाइनला माझा नंबर लागलाय. बारा डिझाइनं अपलोड करून सीट पक्की करायची शेवटची वेळ आज सहा. आता चार वाजलेत."

"डिझाइनं ह्यात आहेत?"

"ह्यातच आहेत."

"मग पेनड्राइव्हमध्ये घेऊन कुठूनही..." तो चाचरला. "म्हणजे, एवढं ओझं आणायची गरज नव्हती."

"ठाऊक आहे मला. पण पेनड्राइव्ह कुणाच्या डोक्यात घालता येत नाही."

त्याने डोक्यावरून एकदा हात फिरवला आणि वायरी जोडायला घेतल्या.

स्क्रीनवर त्याने एकात एक दडलेली फोल्डरं उघडत नेली आणि शेवटी एक छोटीशी फाइल काढली. नाव होतं होस्ट्स. खाली सात ओळी. प्रत्येक ओळीत एकच आकडा, १२७.०.०.१, आणि त्याच्यापुढे एका साइटचं नाव. गाण्यांची एक, सिनेमांच्या दोन, कपड्यांच्या दोन, गप्पांची एक. आणि सातवी... माझ्या कॉलेजची.

"हे काय आहे?"

"कुठलीही साइट शोधायच्या आधी कॉम्प्युटर ही फाइल बघतो. इथे पत्ता मिळाला की बाहेर विचारायला जात नाही. हा आकडा म्हणजे... त्याचं स्वतःचंच घर. मी त्याला सांगून ठेवलं, की ह्या सातही साइट घरातच आहेत."

"म्हणजे मी विचारणार, अमदावाद कुठे आहे? आणि तो सांगणार, घरीच बस."

त्याने मान खाली घातली.

"कुणी सांगितलं तुला?"

"प्रवीणभाईंनी. सात नावांची चिठ्ठी दिली. म्हणाले, बहीण टाइमपास करते, पंचिंगचं काम मागे पडतं. मी वाचलंही नाही नीट, उतरवलं फक्त."

प्रवीण माझा थोरला भाऊ. तो साड्यांवर भरतकाम करणाऱ्या कारखान्यात सुपरवायझर आहे. मशीनने कुठे टाका घालायचा ते कॉम्प्युटरवर आखून द्यायचं, ह्याला पंचिंग म्हणतात, आणि त्याच्या कारखान्याचं निम्मं पंचिंग मी घरी बसून करते. साइट बंद केली ह्यापेक्षाही एक गोष्ट माझ्या जिवाला झोंबली. हे पंधरा दिवस रोज संध्याकाळी जेवताना तो मला विचारत होता, "उघडली का गं तुझी साइट?" आणि वर म्हणत होता, "बघ, असलं असतं ह्या कॉलेजांचं."

"हा कॉम्प्युटर कुणाचा आहे?" मी विचारलं.

"भाईंनी आणला, म्हणजे..."

"माझा आहे! माझ्या कमाईतून घेतलाय मी. तुला विचारावंसं वाटलं नाही?"

"इथे मुलींचे कॉम्प्युटर त्यांचे भाऊ, वडील, नवरेच घेऊन येतात." तो हळूच म्हणाला. "मी आणणाऱ्याचं नाव लिहितो. सगळे तसंच करतात. मी... कधी विचारलं नाही कुणाला."

निदान खोटं तरी बोलला नाही. मला रडू येत होतं आणि ह्याच्यासमोर तर मुळीच रडायचं नव्हतं.

त्याने साती ओळी पुसल्या आणि फाइल सेव्ह करायला गेला. स्क्रीनवर ताडकन चौकट आली, तुम्हाला परवानगी नाही.

"माझ्याच कॉम्प्युटरवर मला परवानगी नाही?"

"ते कुलूपही... मीच लावलेलं," तो म्हणाला. त्याचे कान लालबुंद झाले होते. "अ‍ॅडमिन म्हणून उघडायला हवी होती. तुम्ही ओरडताय ना, हात थरथरतात."

"मी ओरडत नाहीये!"

बाजूच्या झेरॉक्सवाल्याने डोकावून पाहिलं. मग मी जरा हळू ओरडले.

त्याने फाइलचं कुलूप काढलं, ती नव्याने उघडली, ओळी पुन्हा पुसल्या. वरती इंग्रजीत काही ओळी तशाच राहिल्या, प्रत्येकीच्या आधी # असं चिन्ह.

"आणि ह्या? ह्या का ठेवल्यास?"

"त्या मुळातल्याच आहेत. पुढे हे चिन्ह असलं की कॉम्प्युटर ती ओळ वाचत नाही, सोडून देतो. त्या फक्त माणसांनी वाचायच्या असतात."

फाइल सेव्ह झाली. मग त्याने असं काही केलं, ज्याची मला अजिबात अपेक्षा नव्हती. फोन उचलला आणि माझ्यासमोर प्रवीणदादाला लावला.

"भाई, सुमित बोलतोय. तुमची बहीण आलीय. ब्लॉक काढला मी... नाही, तुम्हाला विचारून नाही. कॉम्प्युटर त्यांचा आहे." पलीकडून दादाचा आवाज मलाही ऐकू येत होता. कारखान्यातले सगळे कॉम्प्युटर सुमितच सांभाळायचा, आणि ते काम आजपासून बंद, एवढं नीट कळलं. "ठीक आहे भाई," तो म्हणाला आणि फोन ठेवला. त्याचा हात अजून थरथरत होता... आणि आता तर मी ओरडतही नव्हते.

साइट उघडली. एकेक डिझाइन चढायला लागलं. नववं चढताना तो स्क्रीनजवळ वाकला.

"हा पदर... हे दादरचं कणीस आहे?"

दादर म्हणजे आमच्या खानदेशातली ज्वारी. आजवर ते डिझाइन पाहून कुणीही मला फूल कुठलं, एवढंच विचारलं होतं.

"तुला कसं कळलं?"

"शिरपूरला मामाचं शेत आहे. दाणे भरले की ते असंच एका बाजूला झुकतं." त्याने पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ पाहिलं. "सगळे मोर काढतात. तुम्ही कणीस काढलंत."

मी उगाच ओढणी नीट केली. पाच चाळीसला सीट पक्की झाल्याचा निरोप स्क्रीनवर आला. आम्ही दोघंही एकदमच हसलो, आणि मी अजून चिडलेय हे आठवून मी आधी थांबले.

घरी दादाने आकाशपाताळ एक केलं. हॉस्टेल, परकं गाव, एकटी पोरगी, लोक काय म्हणतील! आणि सगळ्यात शेवटी, अगदी सहज, "आणि इथलं पंचिंग कोण करणार?" म्हणजे काळजी कशाची होती ते मला कळलं. मी म्हटलं, "सरळ विचारलं असतंस, तर रविवारी येऊन करून दिलं असतं. आता नाही." आई भाकरी थापत होती. तिने परातीतून मान वर न करता सांगितलं, "तू जाय वं माय. मी शे ना आठे." तू जा, मी आहे ना इथे, असं तिने अहिराणीत म्हटलं की आमच्या घरात कुणाचं काही चालत नाही.

निघायला तीन आठवडे होते. तेवढ्यात माझा कॉम्प्युटर चार वेळा बिघडला.

"पंखा तर ठीक आहे," सुमित म्हणायचा.

"मग आवाज कसला येतो?"

"कुठे येतोय आवाज?"

"तू नीट ऐकत नाहीस..."

तो कान लावून ऐकायचा. मी त्याच्या मानेवरचा तीळ बघायचे. एकदा न राहवून म्हटलं, "माझ्यामुळे कारखान्याचं काम गेलं तुझं."

"बरं झालं," तो म्हणाला. "दुपारी मोकळा असतो आता. कुणी ओरडायला आलं तर वेळ देता येतो."

त्याने दुरुस्तीची नवी कार्डंही छापून घेतली होती. वरच्याच रकान्यात लिहिलं होतं, कॉम्प्युटर कुणाचा? शोभाबाई नावाच्या शिक्षिकेने तिथे आपलं नाव एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, की खालचे दोन रकाने झाकले गेले. ते कार्ड त्याने मला कौतुकाने दाखवलं. मी तिथेच विरघळले, पण बोलले नाही. बोलायचं तर त्याने बोलावं! सात साइटी बंद करताना बरा धीटपणा होता. आता मात्र तीन आठवड्यांत ह्या माणसाच्या तोंडून "चहा घेणार?" ह्याच्या पुढे एक शब्द फुटला नाही. असा संताप येत होता मला.

निघायच्या आदल्या दिवशी मी सहाव्यांदा सीपीयू आणला. ह्या वेळी आदळला नाही.

त्याने कार्ड पुढे ओढलं. "कॉम्प्युटर कुणाचा?"

"अश्विनी बोरसेचा."

"तक्रार?"

"ती फाइल उघड. होस्ट्स."

त्याचा चेहरा उतरला. "पुन्हा कुणी काही बंद केलं?"

"तू बघ तर."

त्याने वायरी जोडल्या, फोल्डरं उघडली. वरच्या इंग्रजी ओळी होत्या तशाच होत्या. खाली, जिथे आधी त्या सात ओळी होत्या, तिथे मी आज सकाळी रागारागाने टाइप केलेली एकच ओळ होती.

# सुमित, तू बोलणार नाहीस म्हणून मीच लिहिते. मला तू आवडतोस. उद्या मी जाणार आहे, थांबवू नकोस. पण दर रविवारी अमदावादला ये.

पंखा कुरकुरत होता. त्याने ती ओळ एकदा वाचली... मग पुन्हा वाचली. कान पार लाल झाले. त्याची बोटं कीबोर्डवर गेली आणि तिथेच थांबली. त्याने माझ्याकडे पाहिलं.

"तुमचा कॉम्प्युटर आहे," तो म्हणाला. "खाली एक ओळ लिहू का?"

त्या सात ओळी घालताना मला कुणी एका शब्दाने विचारलं नव्हतं, आणि आता हा एका ओळीसाठी विचारत होता. इतके दिवस आवरलेलं रडू मला आता, भर दुपारी, झेरॉक्सवाल्यादेखत आलं.

"लिही," मी म्हटलं. "आणि तुमचा नाही, तुझा म्हण."

त्याने आधी ते चिन्ह टाइप केलं, मग एकच शब्द.

# येतो.

मग त्याने माउस माझ्याकडे सरकवला. "सेव्ह तू कर, अश्विनी."

मी केलं. ह्या वेळी परवानगीची चौकट आली नाही.